लळ्याचे शास्त्र मांडणारे डॉक्टर : जॉन बोल्बी

डॉ. जॉन बोल्बी हे नाव मानसशास्त्राच्या वर्गाबाहेर आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. परंतु त्यांनी शास्त्रात आणलेला एक शब्द आज आपल्या वसतिगृहाच्या खोल्याखोल्यांतून ऐकू येतो. अमक्याची अ‍ॅटॅचमेंट अशी आहे, तमकीची तशी आहे, असे निदान मुलेमुली मोबाईलवर चार ओळी वाचून एकमेकांना चिकटवीत असतात. हा शब्द ज्या माणसाने उभे आयुष्य खर्चून कमावला, तो कोण होता हे सांगावे, एवढ्याचसाठी हा लेख.

आधी शब्दाविषयी थोडे. मराठी पाठ्यपुस्तके अ‍ॅटॅचमेंटला अनुबंध म्हणतात, कोठे आसक्ती म्हणतात. आसक्ती हा शब्द गीतेच्या प्रवचनांनी असा काही घडविला आहे की, तो ऐकताच ती सोडावयाची वस्तू वाटू लागते. मला विचाराल तर आपला घरगुती शब्द लळा हाच खरा. लळा लागतो, लावता येतो आणि तुटतोही. आपल्या कन्नड विभागातील मित्रांचा अक्करे हा शब्दही त्याच घरचा. बोल्बींनी ह्या लळ्याचे शास्त्र केले.

त्यांचा जन्म २६ फेब्रुवारी १९०७ रोजी लंडनमध्ये झाला. सहा भावंडांतले ते चौथे. वडील सर अँथनी बोल्बी हे राजघराण्याचे शल्यवैद्य. घर मोठे, नोकरचाकर भरपूर. त्या काळच्या उच्चकुलीन इंग्रजी घरांच्या रीतीप्रमाणे मुले वरच्या मजल्यावर दायांच्या स्वाधीन असत. संध्याकाळच्या चहानंतर तासभर त्यांना आईपुढे नेण्यात येई, की झाले. आई वाईट होती असे मुळीच नाही. फार लाड केल्याने मुले बिघडतात, अशी त्या समाजाची प्रामाणिक समजूत होती. छोट्या जॉनचे सारे पोरपण मिनी नावाच्या एका तरुण दाईच्या अंगाखांद्यावर गेले. तो चारेक वर्षांचा असताना मिनी नोकरी सोडून गेली. आपण तेव्हा एक आई गमावली, असे बोल्बी पुढे म्हातारपणीही सांगत. पुढे महायुद्धात वडील फ्रान्सला गेले. १९१८ मध्ये अकराव्या वर्षी मुलाची रवानगी निवासी शाळेत झाली आणि तेथून डार्टमथच्या नौदल विद्यालयात. पहिल्या दहा-बारा वर्षांतच त्यांच्या शास्त्राचे सारे साहित्य घरबसल्या जमा झाले होते, असे म्हणावेसे वाटते.

नौदलात मन रमेना, म्हणून १९२५ मध्ये ते केंब्रिजला वैद्यकाकडे वळले. पदवीनंतर मधले काही महिने त्यांनी बिघडलेल्या म्हणून काढून टाकलेल्या मुलांच्या एका शाळेत काम केले. तेथे त्यांना दोन मुले भेटली. एक आठ वर्षांचा, जो त्यांची पाठ सोडीत नसे, इतका की सारे त्याला बोल्बींची सावली म्हणत. दुसरा थोराड, चोरीबद्दल शाळेतून काढलेला, कोणाशीच जिव्हाळा न जुळणारा. त्याला एकच अशी कायमची आई कधी लाभलीच नव्हती. ह्या दोन मुलांनी बोल्बींच्या आयुष्याची दिशा ठरविली. लंडनला येऊन १९३३ मध्ये ते डॉक्टर झाले आणि १९३७ मध्ये मनोविश्लेषक.

मनोविश्लेषणाच्या पंथात त्यांचे कधी नीट जमले नाही. १९३८ साली ते बालविश्लेषण शिकत होते. देखरेख करणाऱ्या होत्या सुप्रसिद्ध मेलनी क्लाइन. बोल्बींकडे तीन वर्षांचा एक अतिचंचल मुलगा आला. त्याला रोज घेऊन येणारी आई स्वतः चिंतेने पोखरलेली दिसे. तिच्याशी बोलावे, असे बोल्बींना वाटे. पण क्लाइनबाईंची सक्त मनाई. मुलाच्या मनातल्या कल्पना महत्त्वाच्या, घरात प्रत्यक्ष काय घडते ते गौण, असा त्यांचा सिद्धान्त. तीन महिन्यांत त्या आईलाच मनोरुग्णालयात दाखल करावे लागले. आणि क्लाइनबाईंना वाईट वाटले ते एवढेच, की आता मुलाला आणणार कोण आणि शिकाऊ डॉक्टरला दुसरा रोगी शोधावा लागणार. मुलाच्या मनात काय चालले आहे ते शोधताना दारात बसलेल्या आईकडे पाहावयाचेच नाही, ही गोष्ट बोल्बींना अखेरपर्यंत मान्य झाली नाही.

त्याच सुमारास बालमार्गदर्शन केंद्रात आलेल्या ४४ चोरट्या मुलांचा त्यांनी अभ्यास केला आणि तुलनेसाठी चोरी न करणारी ४४ मुले घेतली. हा निबंध १९४४ मध्ये छापला गेला. चोरट्यांपैकी १४ मुले त्यांना मायाच आटलेली अशी आढळली आणि त्या १४ पैकी १२ जणांची लहानपणी आईपासून दीर्घकाळ ताटातूट झालेली होती. बाकीच्या ३० चोरट्यांत अशी ५ मुले होती. चोरी न करणाऱ्या ४४ मध्ये २. आकडे लहान आहेत आणि तपासणारा व मत मांडणारा एकच आहे, हे आजचा संख्याशास्त्राचा विद्यार्थी लगेच दाखवील. तरीही प्रश्न नवा होता, हे त्यालाही मान्य करावे लागेल.

दुसरे महायुद्ध संपल्यावर बोल्बी टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये आले. मुलांच्या विभागाचे नाव बदलून त्यांनी मुले व पालक विभाग असे केले. १९४८ मध्ये जेम्स रॉबर्टसन नावाचा एक सहकारी त्यांना मिळाला. त्या काळी इंग्लंडच्या इस्पितळांत मुलाला भेटावयास आईबापांना आठवड्यातून मोजका वेळ मिळे. आई आली की मूल रडते, गेली की पुन्हा रडते, म्हणजे आई न येणेच बरे, असा परिचारिकांचा हिशेब. रॉबर्टसनने नुसते कोपऱ्यात बसून पाहिले आणि त्याला तीन पायऱ्या दिसल्या. पहिल्यांदा मूल आकांत करते. मग खिन्न होऊन पडून राहते. आणि तिसऱ्या पायरीवर ते शहाण्यासारखे वागू लागते, खेळते, खाते, आणि आई आली तरी तिच्याकडे पाहीनासे होते. इस्पितळ म्हणे, मूल रुळले. रॉबर्टसन म्हणे, मूल तुटले. त्याने १९५२ मध्ये दोन वर्षांच्या लॉराचा बोलपट केला. हर्नियाच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी ती आठ दिवस इस्पितळात होती. ती फार रडत नाही, ओठ घट्ट मिटून सोसते. डॉक्टरांच्या सभेत तो दाखविला तेव्हा मोठा गदारोळ झाला. पण १९५९ मध्ये सरकारी समितीने आईबापांना मुक्त प्रवेश असावा, अशी शिफारस केली. आपल्या हैदराबादच्या निलोफर दवाखान्याच्या आवारात डबा आणि सतरंजी घेऊन बसलेली गर्दी पाहून शिस्तप्रिय माणसे नाक मुरडतात. मला मात्र ती पाहिली की लॉरा आठवते.

येथे थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे, कारण बोल्बी मला ग्रंथालयात नव्हे, गरजेत भेटले. माझे आईवडील नोकरीसाठी हैदराबादला आणि मी सहा वर्षांची होईपर्यंत भालकीला आज्जीजवळ. मग एके दिवशी मला काचीगुड्याच्या घरी आणण्यात आले. मुलगी मोठी शहाणी, एकदाही रडली नाही, असे आमच्याकडे वर्षानुवर्षे कौतुकाने सांगत. पुढे आज्जी गेली तेव्हाही मी रडले नाही. दहाव्याच्या दिवशी पाहुण्यांची पाने वाढली आणि परत येऊन तास घेतले. त्यानंतर झोप गेली, ती दोन वर्षे आली नाही. तपासण्यांत काही निघेना. शेवटी एका डॉक्टरांनी मनाच्या डॉक्टरांकडे जा म्हटले, तेव्हा घरात एर्रगड्ड्याचे नाव निघाले. आपल्या शहरात हे नाव शिवीसारखे वापरतात. ते मनोरुग्णालय निजामी राजवटीत जालन्याला होते व १९५३ मध्ये येथे आले, म्हणजे आम्हां मराठवाड्याकडच्या लोकांचे ते जुने शेजारीच. पण शेजाऱ्याकडे जावयास पाय उचलत नाही, तसे झाले.

एवढ्या मोठ्या शहरात पाट्यांना तोटा नाही. पण लळ्याच्या अंगाने उपचार करणारा असा वेगळा परवाना आपल्या देशात नाही. मनोविकारतज्ज्ञ एम. डी. झालेला असतो आणि औषध देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचे नाव १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत असावे लागते. तो क्रमांक मागून घ्यावा, त्यात संकोच कसला? नुसते समुपदेशक म्हणविणाऱ्यांत उत्तम माणसे आहेत आणि दोन महिन्यांचा अभ्यासक्रम केलेलीही आहेत. मी ज्यांच्याकडे प्रथम गेले त्यांनी एक प्रश्नावली भरून घेतली आणि माझा प्रकार कोणता ते सांगून पुढची तारीख दिली. दुसऱ्या ठिकाणी आईवडिलांना क्षमा करण्याचा उपदेश मिळाला. तो आमच्या घरी फुकट मिळतो. तिसऱ्या बाई तेलुगू. आम्ही दखनी हिंदीत बोलत होतो. आज्जीचे माझ्याशी नाते काय, ते सांगताना मला हिंदीत शब्द सापडेना. तुमच्या भाषेतला सांगा, मला समजावा, असे त्या म्हणाल्या. लळा ह्या शब्दाचा अर्थ सांगण्यात तो पाऊण तास गेला. त्या रात्री मी झोपले असे नाही. पण पुढच्या आठवड्यात मी परत गेले, आणि पुढे दीड वर्ष जात राहिले.

ह्या उपचाराची रीत बोल्बींनी १९८८ च्या आपल्या पुस्तकात सांगितली आहे. लहान मूल ज्या विश्वासाने आईचा पदर सोडून अंगणभर हिंडते आणि घाबरले की परत येते, तसा आधार उपचारकाने आधी व्हावयाचे. मग त्या आधारावरून माणसाने आजची नाती, मागची नाती आणि त्यांतला सारखेपणा स्वतः पाहावयाचा. मिठी मारणे, दाबून धरणे असले काही त्यात नाही. अमेरिकेत अ‍ॅटॅचमेंटच्याच नावाने मुलांना जबरीने आवळून धरण्याचे प्रकार झाले आणि २००० साली कोलोरॅडोत त्यात दहा वर्षांची एक मुलगी गुदमरून मेली. त्याचा बोल्बींच्या शास्त्राशी काडीचा संबंध नाही. नाव एक आहे म्हणून सावध राहावे. ज्यांना कोठे जावे हेच कळत नाही, त्यांच्यासाठी २०२२ पासून टेलिमानस ही सरकारी विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १४४१६. तेथे मराठी, कन्नड, तेलुगू चालते.

चरित्राकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेने १९५० मध्ये बेघर मुलांच्या प्रश्नावर त्यांना अहवाल लिहावयास सांगितले. तो १९५१ मध्ये निघाला आणि बोल्बी जगभर माहीत झाले. टीकाही तेव्हापासूनच. हा माणूस बायकांना चुलीपाशी डांबू पाहतो, असा स्त्रियांचा आक्षेप होता आणि पाळणाघरे नकोत म्हणणाऱ्यांनी त्या अहवालाचा आधार घेतला, हे खोटे नाही. मायकेल रटर यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की, ताटातूट म्हणजे सर्वस्व नव्हे. कशामुळे ताटातूट झाली आणि नंतर काय झाले, हेही पाहिले पाहिजे. माझे मत विचाराल तर आईच्या जागी कायमची दुसरी व्यक्ती चालते, असे बोल्बी म्हणत असले तरी लिहिताना आईच त्यांच्या डोळ्यांपुढे असे. आज्जी, काकू, थोरली बहीण अशा चार मांड्यांवर वाढणारे मूल त्यांनी जवळून पाहिले नव्हते. ती उणीव त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी भरून काढली. १९५४ मध्ये त्या युगांडात गेल्या आणि २६ कुटुंबांतील तान्ही मुले घरी जाऊन जाऊन पाहिली. पुढे बाल्टिमोरला त्यांनी वर्षाच्या मुलाला आईपासून काही मिनिटे दूर करून ते परतभेटीत कसे वागते, ह्याची परीक्षा बसविली. आज मोबाईलवर जे प्रकार फिरतात त्यांचे मूळ तेथे आहे. आणि ती परीक्षा वर्षाच्या बाळांची होती, बी. ए.च्या वर्गाची नव्हे.

बोल्बींनी स्वतः पक्ष्यांच्या पिलांवरचे लोरेंट्स यांचे आणि माकडांवरचे हार्लो यांचे प्रयोग अभ्यासले. अन्न न देणाऱ्या पण मऊ कापडाच्या आईला पिलू बिलगते, हे हार्लोंनी १९५८ मध्ये दाखविले. म्हणजे लळा दुधाच्या लोभाने लागत नाही, त्याची भूक वेगळीच. मनोविश्लेषकांच्या सभेत बोल्बींनी हे मांडले तेव्हा त्यांना जवळजवळ वाळीत टाकण्यात आले. ते भांडले नाहीत. १९६९, १९७३ आणि १९८० अशा तीन साली अनुबंध, ताटातूट आणि वियोग ह्यांवरील तीन जाडजूड खंड त्यांनी काढले.

घरी मात्र ते बरेचसे आपल्या वडिलांसारखेच होते. चार मुलांचे सारे पत्नी अर्सुला पाहत. रात्री उशिरा येणारे, कामाविषयी चकार शब्द न काढणारे वडील चोर तर नाहीत ना, असा संशय एका मुलाला आला होता म्हणतात. चोरट्या मुलांवर निबंध लिहिणाऱ्याच्या घरी हे घडावे! नातवंडांत मात्र ते रमले.

अखेरचे पुस्तक त्यांनी चार्ल्स डार्विनवर लिहिले. डार्विन आठ वर्षांचा असताना त्याची आई वारली आणि घरात पुढे तिचे नाव काढण्याची सोय राहिली नाही. त्याला आयुष्यभर छळणाऱ्या दुखण्याचे मूळ बोल्बींनी ह्या न बोललेल्या दुःखात शोधले. वैद्यांचा त्यावर आजही वाद आहे. मी ते पुस्तक वाचताना डार्विनपेक्षा मिनीचाच विचार करीत होते. पुस्तक १९९० मध्ये निघाले आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरला, वयाच्या ८३ व्या वर्षी, स्कॉटलंडच्या स्काय बेटावरील उन्हाळी घरी बोल्बी वारले. त्यांना तेथेच पुरले आहे.