शिक्षक शोधणारे महाराज

श्रीमंत सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी शेतकरी कुटुंबात झाला. १८७५ साली दत्तक येऊन ते बडोद्याच्या गादीवर बसले, तेव्हा बारा वर्षांच्या या मुलाला लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्यासाठी इलियट साहेबांना खास शिक्षक नेमले गेले. १८८१ अखेर महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला.

१८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सर्व राज्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी शाळाही उघडल्या. पण तेथे शिकवण्यास सवर्ण शिक्षक तयार होईनात. महाराजांनी शाळा बंद केल्या नाहीत. मुसलमान शिक्षक नेमले. पुढे १९०८ साली पंडित आत्माराम यांना पंजाबातून बोलावून हे काम त्यांच्याकडे सोपवले.

त्या मुलांपुढची अडचण समाजाने उभी केली होती. आज आपल्या वर्गांत ऐकू कमी येणारी, अक्षरे उमगायला वेळ लागणारी मुले आहेत. त्यांची गरज निराळी आहे. २०१६ च्या कायद्याने त्यांना सर्वांबरोबर शिकण्याचा हक्क दिला आहे. मात्र मदतीला प्रशिक्षित शिक्षक नसेल, तर हक्क कागदावरच राहतो. विश्वस्त व पालकांनी नव्या वर्षाच्या अंदाजपत्रकात या नेमणुकीचा विचार आधी करावा, अशी आमची नम्र विनंती आहे. विद्यार्थी मित्रांनो, शेजारच्या बाकावरील मित्राला सांभाळून घेणे मात्र आपण आजच सुरू करू या.