नसरीन मोहमदी : सयाजीगंजातली एक रेघ

मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्कला 'मेट ब्रॉयर' हे कलादालन सुरू झालं. मेट्रोपॉलिटन म्युझियमची आधुनिक कलेसाठीची ही तेव्हाची नवी शाखा होती. पहिल्याच दिवशी जी प्रदर्शनं लोकांना खुली झाली, त्यातलं एक होतं नसरीन मोहमदी यांचं. १३० हून जास्त चित्रं, रेखाटनं आणि फोटो. या बाई आपल्या सयाजीगंजात, फाइन आर्ट्सला शिकवायच्या! कमाटीबागेकडे जाताना आपण त्या बाजूने कितीदा जातो. मला मात्र कॉलेजचं दुसरं वर्ष लागेपर्यंत हे नावही ठाऊक नव्हतं.

नसरीन यांचा जन्म १९३७ चा, कराचीतला. आई लहानपणीच गेली. पुढे कुटुंब मुंबईला आलं. १९५४ ते १९५७ त्या लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये शिकल्या. मुंबईच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम करताना त्यांची वासुदेव गायतोंडे यांच्याशी ओळख झाली. गायतोंडे १३ वर्षांनी मोठे, अबोल आणि अमूर्त चित्रकलेत बुडालेले. १९६१ मध्ये तिथेच नसरीन यांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं. त्यानंतर दोनेक वर्षं त्या पॅरिसला शिकायला होत्या.

त्या काळात अमेरिकेतली अमूर्त अभिव्यक्तिवादी चित्रकला जगभर गाजत होती. मोठे कॅनव्हास, रंगांचे फटकारे, चित्रकाराचा सगळा आवेग समोर. नसरीन यांच्या सुरुवातीच्या चित्रांतही शाईचे ओघळ आहेत, फांद्यांसारख्या मोकळ्या रेषा आहेत. पण पुढे त्या बरोबर उलट्या दिशेने निघाल्या.

१९७२ मध्ये त्या बडोद्याला शिकवायला आल्या. तेव्हा इथे गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर यांच्या चित्रांत माणसं, गल्ल्या, गोष्टी येत होत्या. नसरीन यांच्या कागदावर माणूस नव्हता, गोष्ट नव्हती. रंग तर जवळजवळ गेलेच. राहिली पेन्सिल, शाई आणि इंजिनियर वापरतात तसली मोजमापाची अवजारं. जमिनीवर बसून, बुटक्या टेबलावर त्या तासन्‌तास रेघा मारत. चित्रांना नावं दिली नाहीत, बहुतेकांवर तारीखही घातली नाही. फोटो खूप काढले, पण हयातीत ते कधी मांडले नाहीत. आजूबाजूला सगळे एक बोलत असताना आपण दुसरंच करत राहायचं, तेही भांडण न करता, हे सोपं नसतं.

आणि मग आजार आला. मज्जासंस्थेच्या दुखण्यामुळे शरीराच्या हालचालींवरचा ताबा हळूहळू सुटत गेला. ज्यांचं सगळं काम हाताच्या स्थिरतेवर उभं, त्यांचाच हात ऐकेना. तरी १९८० च्या दशकातली त्यांची चित्रं बघा: पांढऱ्या कागदावर तरंगणाऱ्या तिरक्या रेषा, त्रिकोण, कमानी. कुठे थरथर दिसत नाही. उलट पूर्वीपेक्षा कागद जास्त रिकामा, जास्त हलका. त्यामागे किती कष्ट असतील, याचा हिशोब त्या कागदावर त्यांनी ठेवलेला नाही.

१४ मे १९९० रोजी अलिबागजवळच्या किहीमला, समुद्रकाठी, त्यांचं निधन झालं. वय अवघं ५३.

आपण आज साधी कविता लिहिली तरी आधी खाली नाव टाकतो, मग किती जणांनी बघितली ते मोजतो. मीही तेच करते. म्हणून नसरीन यांचं आयुष्य मला जरा अडचणीत टाकतं. त्यांनी रंग सोडला, नाव सोडलं, तारीख सोडली, आणि शेवटी शरीरही साथ सोडू लागलं, तरी रेघ सोडली नाही. यंदा फाइन आर्ट्सचं वार्षिक प्रदर्शन बघायला गेलात, तर एखाद्या जवळजवळ कोऱ्या दिसणाऱ्या कागदापुढे घाईने पुढे सरकू नका. थोडं थांबा.