सातासमुद्रापलीकडची मावशी

इ. स. १८८० सालची गोष्ट. अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात राहणाऱ्या थिओडोसिया कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या वैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तेथील एक मासिक त्यांनी सहज चाळले. त्यात टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांचे कोल्हापूरहून आलेले पत्र छापलेले होते. पत्नीला अमेरिकेत शिकवावे, अशी त्यांची इच्छा होती. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास साहाय्य मिळेल, असा मासिकाच्या मिशनरी संपादकांचा अभिप्राय होता. कार्पेंटरबाईंनी मात्र कोणतीही अट न घालता त्या अनोळखी मुलीला पत्र धाडले.

ती मुलगी म्हणजे आनंदीबाई. जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांतच दगावले. तेव्हापासून वैद्यकी शिकण्याचा ध्यास त्यांनी घेतला होता.

पत्रे सुरू झाली. त्या काळी एक पत्र पोहोचण्यास कित्येक आठवडे लागत. तरी दोघींनी खंड पडू दिला नाही. आनंदीबाई आपल्याकडील सण, चालीरीती, बालविवाह यांविषयी मोकळेपणाने लिहीत. कार्पेंटरबाई कुतूहलाने विचारीत. त्या विचारण्यात उपहास नसे. आनंदीबाईंची प्रकृती क्षीण होती. ते कळताच अमेरिकेतून औषधे आली! एकमेकींचे तोंडही न पाहिलेल्या या दोघींत पत्रांतूनच नाते जुळले आणि आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

७ एप्रिल १८८३ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, पतीला मागे ठेवून आनंदीबाई कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या. जूनमध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर मावशी त्यांना नेण्यासाठी उभ्या होत्या. त्यांच्या घरी राहूनही आनंदीबाईंनी आपला शाकाहार सोडला नाही, आणि तो सोडावा असा आग्रह मावशींनीही धरला नाही. परक्या घरात आपल्या आचाराला असा मान मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

पुढे फिलाडेल्फियात कठोर अभ्यास करून ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या. परंतु क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झाली होती, ती तशीच राहिली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

गोपाळरावांनी त्यांची रक्षा अमेरिकेस पाठविली. मावशींनी ती न्यूयॉर्क प्रांतातील पकिप्सी या गावी, आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत, स्वतःच्या आप्तांशेजारी ठेवली आणि तेथे आनंदीबाईंच्या नावाचा दगड उभा केला.