डॉ. शिरोडकर यांचे आयुष्य आणि तुमचा निर्णय: गोळ्या की आयव्हीएफ?

तुमचे वय अडतीस आहे. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिलेले नाहीत. इगतपुरीतल्या डॉक्टरांनी स्त्रीबीज वाढवण्याच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत, तर नाशिकच्या केंद्राने थेट आयव्हीएफ सुचवले आहे. घरात दोन तट पडले आहेत. एकाला वाटते आधी साधे उपचार करून पाहावेत, दुसऱ्याला वाटते आता वेळ घालवू नये. अशा वेळी गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत आयुष्य घालवलेल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञाची गोष्ट तुम्हाला उपयोगी पडेल.

शिरोड्याहून मुंबईला

विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ मध्ये गोव्यातील शिरोडा गावी झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आले. १९२३ मध्ये एमबीबीएस आणि १९२७ मध्ये प्रसूती व स्त्रीरोगशास्त्रातील एमडी झाल्यावर ते इंग्लंडला गेले आणि १९३१ मध्ये एफआरसीएस होऊन परतले. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालयात त्यांनी रुग्णसेवा केली, विद्यार्थी घडवले.

त्यांच्या काळात सोनोग्राफी नव्हती. रक्तातील हार्मोन्स मोजण्याची आजच्यासारखी सोय नव्हती. मूल होत नाही किंवा टिकत नाही, याचा दोष बाईच्या नशिबाला दिला जाई. डॉक्टरांकडेही बऱ्याचदा विश्रांती आणि औषधे यापलीकडे देण्यासारखे फारसे नसे.

टाक्यामागचा विचार

शिरोडकरांकडे अशा स्त्रिया येत, ज्यांना दिवस राहत, पण चौथ्या ते सहाव्या महिन्यात गर्भ पडून जाई. एकदा नव्हे, प्रत्येक खेपेला. औषधांनी फरक पडत नसे. त्यांनी या स्त्रियांना गरोदरपणात पुन्हा पुन्हा तपासले, तेव्हा काहींमध्ये एक समान गोष्ट दिसली. कळा नसतानाच गर्भपिशवीचे तोंड हळूहळू उघडत होते. म्हणजे गर्भात दोष नव्हता, पिशवीच्या तोंडाची पकड कमजोर होती.

कारण सापडल्यावर उपाय सुचला. त्यांनी रुग्णाच्याच मांडीतील मजबूत आवरणाची पट्टी काढून ती पिशवीच्या तोंडाभोवती आतून बांधली. ही शस्त्रक्रिया त्यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केली. आज पट्टीऐवजी कृत्रिम धागा किंवा फीत वापरतात, पण शिरोडकर टाका हे नाव जगभरच्या प्रसूतिगृहांत टिकून आहे.

तुमच्यासाठी यातला धडा असा की, शिरोडकरांनी नेहमीचीच औषधे जास्त दिवस दिली नाहीत. नेमके कुठे अडते आहे, हे त्यांनी आधी शोधले. ‘गोळ्या की आयव्हीएफ’ हा तुमचा दुसरा प्रश्न असायला हवा. पहिला प्रश्न आहे: आमचे अडले आहे कुठे?

बंद नळ्यांशी झुंज

शिरोडकरांचे आणखी एक काम टाक्याइतके प्रसिद्ध नाही. स्त्रीबीज आणि शुक्राणू ज्या नळीत भेटतात, ती गर्भनलिका बंद असेल तर ती शस्त्रक्रियेने उघडण्याचे प्रयत्न त्यांनी अनेक वर्षे केले आणि त्याबद्दल लेखनही केले. हे काम फार नाजूक. नळी उघडली तरी ती पुन्हा चिकटू शकते. आतले अस्तर खराब झाले असेल तर गर्भ नळीतच रुजण्याचा धोका राहतो. पण त्या काळी बंद नळ्यांच्या स्त्रीसमोर दुसरी वाटच नव्हती.

१९७१ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर सात वर्षांनी, जुलै १९७८ मध्ये, इंग्लंडमध्ये आयव्हीएफने पहिले बाळ जन्मले. त्या बाळाच्या आईच्या नळ्या बंद होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून असे बाळ जन्मले, पण त्यांच्या हयातीत त्याला मान्यता मिळाली नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑगस्ट १९८६ मध्ये आयव्हीएफचे बाळ जन्मले. जी नळी उघडण्यासाठी शिरोडकर झटत होते, तिला वळसा घालून जाण्याची वाट आता सापडली होती.

म्हणून लक्षात ठेवा: गोळ्यांनी बंद नळी उघडत नाही. गोळ्या फक्त स्त्रीबीज तयार होण्यास मदत करतात. दोन्ही नळ्या बंद असतील, तर गोळ्यांचे सहा महिने म्हणजे वाया गेलेले सहा महिने. आपल्याकडे जननेंद्रियांचा क्षयरोग हे नळ्या खराब होण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. नळीत पाणी साठून ती फुगली असेल, तर आयव्हीएफपूर्वी ती काढावी किंवा बांधावी लागू शकते.

आधी या तपासण्या

पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर तपासणी सुरू करावी. चाळिशीनंतर थांबूच नये. तपासण्या मोजक्या आहेत:

- पतीची वीर्यतपासणी. ही सर्वांत सोपी, आणि तीच बहुतेक घरांत शेवटी होते. ती पहिल्याच आठवड्यात करा.
- नळ्या उघड्या आहेत का, हे पाहणारा एक्स-रे, म्हणजे एचएसजी.
- सोनोग्राफी आणि एएमएच. यातून स्त्रीबीजांचा साठा किती उरला आहे याचा अंदाज येतो. त्यांचा दर्जा मात्र यातून कळत नाही, तो मुख्यतः वयावर ठरतो.
- थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन.

पाळी अनियमित आहे, पीसीओएस आहे, नळ्या उघड्या आहेत आणि वीर्यतपासणी चांगली आहे, तर लेट्रोझोलसारख्या गोळ्यांना अडतिसाव्या वर्षीही अर्थ आहे. त्या साधारण पाच दिवस घ्यायच्या असतात आणि स्त्रीबीज वाढते आहे की नाही, हे सोनोग्राफीने पाहायचे असते. मात्र किती महिने प्रयत्न करायचा, हे पहिल्याच दिवशी ठरवा. या वयात तीन पाळ्यांनंतर थांबून फेरविचार करणे शहाणपणाचे.

नळ्या बंद असतील, शुक्राणू फारच कमी असतील किंवा स्त्रीबीजांचा साठा झपाट्याने कमी होत असेल, तर आयव्हीएफकडे लवकर वळावे.

आणि सगळे अहवाल चांगले असूनही दिवस राहत नसतील तर? यावर अमेरिकेत ३८ ते ४२ वयाच्या स्त्रियांचा एक अभ्यास झाला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन चक्रांनंतर, थेट आयव्हीएफ केलेल्या १०० जोडप्यांमागे सुमारे ३१ जणांना बाळ झाले. गोळ्या किंवा इंजेक्शनांसोबत आययूआय केलेल्यांमध्ये हा आकडा १४ ते १६ होता. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. या वयात आयव्हीएफचा फायदा जवळपास दुप्पट दिसतो. पण दोन चक्रांनंतरही बहुसंख्य जोडप्यांच्या हाती बाळ आलेले नव्हते. आयव्हीएफ नळीला वळसा घालू शकते, वयाला नाही.

इगतपुरीहून उपचार घेताना

गोळ्यांचा उपचार गावात राहून बराचसा होतो. आयव्हीएफमध्ये साधारण आठ ते बारा दिवस रोज इंजेक्शन असते आणि त्या काळात सोनोग्राफीसाठी केंद्रात अनेक खेपा होतात. इंजेक्शन जवळच्या दवाखान्यात घेता येईल का, हे आधी विचारा. काही इंजेक्शने फ्रिजमध्ये ठेवावी लागतात, त्यामुळे प्रवासात बर्फाची पिशवी सोबत हवी.

शेवटचे इंजेक्शन ठरलेल्या वेळीच घ्यायचे असते आणि त्यानंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी स्त्रीबीजे काढतात. ही वेळ चुकून चालत नाही. केंद्र मुंबईत असेल, तर पावसाळ्यात कसारा घाटातल्या गाडीच्या भरवशावर त्या सकाळी निघू नका. आदल्या रात्रीच मुक्कामाला जा.

केंद्र २०२१ च्या कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, हे पाहा. या कायद्याने उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ ठरवले आहे. एका चक्राचा खर्च औषधे, गोठवणे आणि पुढचे रोपण धरून लेखी मागा. जमीन किंवा दागिने मोडण्याआधी, किती चक्रांनंतर थांबायचे, हे दोघांनी मिळून ठरवा.

दिवस राहिल्यावर

इथे शिरोडकरांचे नाव तुमच्या कानावर पुन्हा येऊ शकते. कोणी म्हणेल, एवढ्या कष्टाने राहिलेला गर्भ आहे, टाका घालूनच घ्या. पण आयव्हीएफ झाले म्हणून प्रत्येकीला टाका लागत नाही. या वयात पहिल्या तीन महिन्यांत होणारे बरेचसे गर्भपात स्त्रीबीजातील गुणसूत्रांच्या दोषाने होतात आणि ते टाक्याने थांबत नाहीत. पूर्वी चौथ्या ते सहाव्या महिन्यात, कळांशिवाय गर्भ गेला असेल किंवा सोनोग्राफीत पिशवीचे तोंड आखूड होताना दिसत असेल, तर डॉक्टर टाक्याचा विचार करतात. शिरोडकरांनीही तो सरसकट सर्वांसाठी शोधला नव्हता. ज्यांची पकड कमजोर होती, त्यांच्यासाठी शोधला होता.

पुढच्या भेटीला जाताना दोघांचेही अहवाल एका फाइलमध्ये न्या आणि तीन प्रश्न विचारा. आमचे कारण कोणते? निवडलेला उपचार त्या कारणावर कसा काम करतो? आणि तो कोणत्या तारखेपर्यंत करून पाहायचा? या तिन्हींची उत्तरे मिळाली, की गोळ्या की आयव्हीएफ याचा वाद घरात बराच कमी होईल.