नाईलवरचे आजारपण आणि आकड्यांची रांग

आकाश निळे का दिसते, याचे गणिती उत्तर १८७१ मध्ये देणारे जॉन विल्यम स्ट्रट, म्हणजेच लॉर्ड रॅले, प्रकृतीने लहानपणापासून नाजूक होते. १२ नोव्हेंबर १८४२ रोजी इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात त्यांचा जन्म झाला. ईटन आणि हॅरो या नामांकित शाळा त्यांना आजारपणामुळे थोड्याच काळात सोडाव्या लागल्या. तरीही १८६५ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत ते पहिले आले.

१८७२ मध्ये त्यांना संधिवाती तापाने गाठले. घशातील जिवाणूंच्या संसर्गानंतर येणारा हा आजार सांधे सुजवतो आणि हृदयाच्या झडपांनाही इजा करू शकतो. पेनिसिलिन तेव्हा अनेक दशके दूर होते. विश्रांती आणि उबदार हवा हाच उपाय. म्हणून लग्नाला जेमतेम वर्ष झालेले रॅले पत्नीसह इजिप्तला गेले. तेथे नाईल नदीवर, घरासारख्या बोटीत, त्यांनी ध्वनिशास्त्रावरील ग्रंथ लिहायला घेतला. त्याचे दोन खंड १८७७ आणि १८७८ मध्ये निघाले.

या ग्रंथाच्या १८९४ च्या आवृत्तीत, कंप पावणाऱ्या तारेचा विचार करताना, त्यांनी पूर्णांकांचा एक नियम जाता जाता नोंदवला. तो असा पाहता येईल. १.६१८… या सुवर्ण गुणोत्तराच्या पटी घ्या: १.६१८, ३.२३६, ४.८५४, ६.४७२… मग २.६१८… च्या पटी घ्या: २.६१८, ५.२३६, ७.८५४… आता दोन्ही याद्या एकत्र करून लहानापासून मोठ्यापर्यंत रांग लावा. पहिल्या यादीला १, ३, ४, ६, ८, ९ हे क्रमांक मिळतात आणि दुसरीला २, ५, ७, १०. एकही क्रमांक सुटत नाही, एकही दोनदा येत नाही. शिवाय प्रत्येक संख्येचा रांगेतला क्रमांक म्हणजे तिचा दशांश चिन्हाआधीचा भाग! यासाठी अट एवढीच, की दोन्ही मूळ संख्या अपरिमेय असाव्यात आणि त्यांच्या व्यस्तांची बेरीज १ यावी.

त्याच १८९४ साली रॅले वेगळ्याच आकड्यांनी अस्वस्थ होते. हवेतून मिळवलेला नायट्रोजन अमोनियापासून बनवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्धा टक्का जड भरत होता. इतका फरक मोजमापातली चूक म्हणून सोडून देता आला असता. त्यांनी उलट पुन्हा पुन्हा वजने केली, १८९२ मध्ये ‘नेचर’मधून रसायनशास्त्रज्ञांकडे मदत मागितली, आणि अखेर विल्यम रॅमसे यांच्यासह हवेत दडलेला आरगॉन वायू शोधला. १९०४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना याच कामाबद्दल मिळाले. पुरस्काराची रक्कम त्यांनी केंब्रिज विद्यापीठाला दिली.

३० जून १९१९ रोजी, ७६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आकड्यांचा तो नियम मात्र फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. १९२६ मध्ये टोरांटोचे सॅम्युअल बीटी यांनी तो एका गणिती मासिकात कोडे म्हणून मांडला, आणि त्या याद्या आजही बीटी श्रेणी म्हणूनच ओळखल्या जातात. तिशीत मृत्यूच्या दारातून परतलेल्या रॅले यांना त्यानंतर ४७ वर्षे मिळाली. ध्वनिशास्त्राचा ग्रंथ, आरगॉन आणि हा छोटासा नियम, हे सारे त्या वर्षांतले.