पोकळीला कामाला लावणारे शास्त्रज्ञ : सर जेम्स ड्यूअर

रुग्णालयात चहा-दूध नेणारा थर्मास, कारखान्यातील तप्त नळांवर दिला जाणारा उष्णतारोधक लेप आणि जेट इंजिनाच्या पात्यांवरील सिरॅमिकचा थर या तीन गोष्टींत वरवर पाहता काहीच साम्य नाही. उष्णता अडविण्यासाठी पोकळीचा आधार घेणे, हे तत्त्व मात्र तिन्हींत समान आहे. हे तत्त्व प्रयोगशाळेत सर्वाधिक परिणामकारकपणे वापरून दाखविले ते स्कॉटिश शास्त्रज्ञ सर जेम्स ड्यूअर यांनी. त्यांच्या शोधावर पुढे मोठा व्यवसाय उभा राहिला. ड्यूअर यांच्या वाट्याला मात्र कोर्टातील पराभव आला.

ड्यूअर यांचा जन्म २० सप्टेंबर १८४२ रोजी स्कॉटलंडमधील किंकार्डिन या गावी झाला. दहाव्या वर्षी गोठलेल्या पाण्यावरील बर्फ फुटून ते आत पडले आणि संधिवाताच्या तापाने दीर्घकाळ अंथरुणाला खिळले. त्या काळात त्यांनी गावातील सुताराकडून व्हायोलिन बनविण्याची कला शिकून घेतली. प्रयोगाची उपकरणे हाताळण्याचे कसब आपल्याला यातूनच लाभले, असे ते पुढे मानत. एडिनबरो विद्यापीठातील शिक्षणानंतर १८७५ मध्ये ते केंब्रिजला प्राध्यापक झाले. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांची नियुक्ती झाली आणि मायकेल फॅरेडे यांच्या या कर्मभूमीतच त्यांचे उर्वरित आयुष्य गेले.

वायूंचे द्रवरूप करणे हा त्यांचा ध्यास होता. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो. साध्या भांड्यात तो ठेवला, की भोवतालच्या उष्णतेने पाहता पाहता उडून जाई. या अडचणीवर ड्यूअर यांनी १८९२ मध्ये उपाय शोधला. एका काचपात्रात दुसरे काचपात्र बसवून त्यांनी दोहोंमधील हवा काढून टाकली. हवाच नसल्याने वहन आणि अभिसरण हे उष्णतेचे दोन मार्ग जवळजवळ बंद झाले. प्रारणाचा तिसरा मार्ग रोखण्यासाठी त्यांनी काचेवर चांदीचा चकचकीत मुलामा दिला. या पात्राच्या बळावर १८९८ मध्ये त्यांनी हायड्रोजन द्रवरूपात मिळविला आणि पुढच्याच वर्षी तो गोठवूनही दाखविला. या कामात धोका मोठा होता. प्रयोगशाळेतील स्फोटांत त्यांच्या दोन साहाय्यकांना प्रत्येकी एक डोळा गमवावा लागला.

ड्यूअर यांनी या पात्राचे पेटंट घेतले नाही. ते त्यांच्या दृष्टीने संशोधनाचे साधन होते. जर्मनीतील काच कारागीर राइनहोल्ड बर्गर यांना मात्र त्यात घरगुती उपयोग दिसला. काचेला धातूचे संरक्षक आवरण देऊन १९०४ पासून ‘थर्मास’ बाजारात आला. ड्यूअर यांनी न्यायालयात दाद मागितली. पण पेटंटच नसल्याने त्यांचा दावा टिकला नाही.

दुसरा घाव हेलियमच्या शर्यतीत बसला. हेलियमचा साठा ज्यांच्याकडे होता, त्या विल्यम रॅम्से यांच्याशी ड्यूअर यांचे पटत नव्हते. अखेर १९०८ मध्ये नेदरलँड्सच्या हाइके कामरलिंग ओनेस यांनी बाजी मारली. विशेष म्हणजे त्यांच्या प्रयोगातही ड्यूअर यांचेच पात्र वापरले गेले होते. ओनेस यांना १९१३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ड्यूअर यांना ते कधीच मिळाले नाही. उतारवयात ते साबणाचे फुगे आणि पातळ पापुद्रे यांच्या अभ्यासात रमले. २७ मार्च १९२३ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

ड्यूअर यांचे आणखी एक निरीक्षण तुलनेने कमी परिचित आहे. दोन भिंतींमधील निर्वात जागेत बारीक भुकटी भरल्यास उष्णतेचा शिरकाव आणखी कमी होतो, हे त्यांनी दाखविले होते. कणांना कणांचा स्पर्श जेमतेम होत असल्याने उष्णतेला पुढे सरकणे कठीण जाते. आजच्या पोकळ सिरॅमिक कणांचे तत्त्व याच्या जवळचे आहे. हे कण तयार करताना सिरॅमिकच्या बारीक भुकटीचा पाण्यात केलेला घोळ गरम हवेत फवारतात. थेंबाची बाहेरील बाजू आधी वाळून कवच बनते, आतील पाणी निघून जाते आणि पोकळी उरते. मग हे गोळे भट्टीत भाजून पक्के केले जातात. दगडी कोळसा जळताना त्यातील खनिजे वितळून वायूने फुगतात, तेव्हाही असेच कण आपोआप बनतात. म्हणूनच औष्णिक वीज केंद्राच्या राखेतील काही कण पाण्यावर तरंगतात.

या कणांत सहसा निर्वात नसते, वायू असतो. मात्र पोकळी इतकी लहान असते, की वायूला आत फिरता येत नाही आणि अभिसरण थांबते. लेपाला जाडी बेताची असल्याने रंगाचा एखादा हात थर्मासची बरोबरी करू शकत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. परंतु जेट इंजिनात एक मिलिमीटरहून पातळ सच्छिद्र झिर्कोनियाचा थरही धातूच्या पात्यांचे तापमान लक्षणीयरीत्या खाली ठेवतो. हा थर फवारण्यासाठी लागणारी भुकटीही अनेकदा पोकळ कणांचीच असते.