ज्ञानकोशकार केतकर आणि आमची नोंद

शोधनिबंधाऐवजी मराठी विकिपीडियावर नोंद लिहायची, असं यंदा ठरलं तेव्हा वर्गात कुरबुर झाली. कोशातली नोंद म्हणजे कमी प्रतीचं काम, असं बऱ्याच जणांना वाटतं. मला मात्र ज्ञानकोशकार केतकर आठवले. या विद्वान माणसाने ऐन उमेदीची वर्षं कोशालाच दिली.

श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ चा, रायपूरचा. शाळा अमरावतीला, पुढचं शिक्षण मुंबईच्या विल्सन कॉलेजात, म्हणजे आपल्यासारख्याच मिशनरी कॉलेजात. १९०६ साली ते अमेरिकेला गेले. कॉर्नेल विद्यापीठात भारतातल्या जातिसंस्थेच्या इतिहासावर इंग्रजीत प्रबंध लिहून १९११ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. परतल्यावर काही काळ कलकत्ता विद्यापीठात शिकवलं. हीच वाट धरली असती तर नोकरी होती, मान होता. पण इंग्रजी न येणाऱ्या मराठी वाचकाला त्या विद्वत्तेचा काय उपयोग?

मग त्यांनी मराठीत ज्ञानकोश काढायचं मनावर घेतलं. कंपनी स्थापून, शेअर विकून पैसा उभा केला. नागपुरात सुरू झालेलं काम पुण्यात पार पडलं. य. रा. दाते, चिं. ग. कर्वे असे सहकारी मिळाले. पुढे महाराष्ट्र शब्दकोश केला तो याच दोघांनी. १९२० ते १९२९ या काळात 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड निघाले. १९३१ साली हैदराबादला मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष केतकरच. तेव्हा आपला आदिलाबाद जिल्हाही हैदराबाद संस्थानातच होता.

पहिले पाच प्रस्तावनाखंड चाळले की गंमत वाटते. त्यात केतकर स्वतःची मतं ठासून मांडतात. विकिपीडियावर असं लिहिलं तर कुणीतरी ते लगेच काढून टाकेल. दुसरा फरक दुरुस्तीचा. छापलेली चूक पुढची आवृत्ती निघेपर्यंत तशीच राहते. आमची चूक वाचणारा स्वतःच सुधारू शकतो.

मी नोंदीसाठी केसलापूरची नागोबा जत्रा घेतली. जत्रेआधी मेश्राम मंडळी गोदावरीचं पाणी आणायला पायी जातात, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण नोंदीत प्रत्येक विधानाला छापील आधार लागतो. म्हाताऱ्या माणसांनी गोंडीत सांगितलेलं तिथे चालत नाही. ते आधी कुणीतरी ऐकून, तपासून, छापायला हवं. म्हणजे शोधनिबंधाची गरज काही संपत नाही. निबंध आधी, नोंद नंतर. केतकरांचा क्रमही तोच होता: आधी कॉर्नेलचा प्रबंध, मग ज्ञानकोश. फक्त ते प्रबंधापाशी थांबले नाहीत. आपल्याकडचे निबंध मात्र गुण मिळाले की कपाटात जातात.

१० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात केतकर गेले, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. त्यांचा ज्ञानकोश आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो. पैनगंगेच्या अलीकडे, तेलुगू शाळेत शिकून घरी मराठी बोलणारी माझ्यासारखी मुलगी तो मोबाईलवर उघडते. नागोबाची नोंदही तशीच कुणीतरी उघडेल. म्हणून ती नीट लिहायची आहे.